काढणं, ठेवणं, दाखवणं: प्रवासातल्या अनोळखी माणसाचा फोटो

रविवारी सकाळी आम्ही चार-सहा जण कॅमेरे घेऊन नागपुरात फिरतो. कधी महालात, कधी इतवारीत, तर कधी नुसतेच मेट्रोत बसून लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत. नव्यानं आलेली मुलं-मुली हमखास एकच प्रश्न विचारतात: "दादा, बसमधल्या, मेट्रोतल्या माणसाचा न विचारता फोटो काढला तर चालतं का?"

बरीच वर्षं असे फोटो काढल्यावर माझं मत झालं आहे की याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, कारण हा एक प्रश्न नाहीच. फोटो काढणं, तो आपल्याजवळ ठेवणं आणि तो चारचौघांना दाखवणं ही तीन निराळी कामं आहेत. कायदा या तिन्हींकडे सारख्या नजरेनं बघत नाही, आणि ज्याचा फोटो निघाला तो माणूसही बघत नाही. बहुतेक भांडणं होतात ती एका कामाची मुभा दुसऱ्यालाही आहे असं धरून चालल्यामुळे.

'कँडिड', म्हणजे माणूस पोज न देता, आपल्याच नादात असताना टिपलेला फोटो, हा शब्द आपल्याकडे लग्नांमुळे घरोघरी पोचला. पण लग्नातल्या कँडिड फोटोग्राफरला वधूवरांनीच बोलावलेलं असतं, त्याला पैसे दिलेले असतात, आणि तो कुठल्या तरी कोपऱ्यातून टिपतो आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बसमधल्या कँडिडमध्ये यातलं काहीच नसतं. समोरची बाई खिडकीबाहेर बघत घरच्या हिशोबात गढलेली असते आणि तिसऱ्या सीटवरून कोणीतरी तिला टिपतो. नाव तेच असलं तरी गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

रस्त्यावरची फोटोग्राफी आणि गाडीतली फोटोग्राफी यातही फरक आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच आहे. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या मेन रोडवर कोणाला कॅमेरा दिसला, आवडला नाही, तर तो मान वळवतो, बाजूच्या दुकानात शिरतो, निघून जातो. त्याच्याकडे पाय आहेत आणि जायला रस्ता आहे. मोरभवनहून हिंगण्याकडे निघालेल्या भरल्या बसमध्ये एका हातानं दांडा धरून उभा असलेला माणूस कुठे जाणार? त्यानं तिकीट काढलं आहे ते प्रवासाचं. तुमच्या समोर अर्धा तास उभं राहायचं त्यानं कबूल केलेलं नाही. रस्त्यावर गप्प राहणाऱ्या माणसाची एक वेळ मूक संमती धरता येईल, गाडीत ती धरता येत नाही, कारण तिथे नको म्हणायचा सगळ्यात सोपा मार्ग, निघून जाणं, बंद झालेला असतो.

तरीही माणसं गाडीतच सगळ्यात खरी दिसतात, हेही तितकंच खरं. घरात आपण कोणाचे तरी बाप असतो, कचेरीत कोणाचे साहेब किंवा कोणाच्या हाताखालचे. मधल्या चाळीस मिनिटांत आपण कोणीच नसतो. तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते दुसरीकडे कुठेच दिसत नाही. या फोटोंची ओढ लागते ती त्यामुळेच, आणि हा चेहरा त्या माणसानं आपल्याला दाखवायला काढलेला नसतो हेही फोटो काढणाऱ्याला ठाऊक असतं.

कोणत्या गाडीत काय दिसतं

आता थोडं तंत्राबद्दल. गाडीतला फोटो कसा येणार हे कॅमेऱ्याच्याही आधी सीट कशा लावल्या आहेत यावर ठरतं. 'आपली बस'मध्ये, म्हणजे नागपूरच्या शहर बसमध्ये, आणि एसटीत बहुतेक सीट पुढे तोंड करून असतात. मागे बसलात तर दिसतात माना, वेण्यांतले गजरे, टोप्या, दांड्यावरचे हात. चेहरा नसतो, आणि माझ्या मते बसचे उत्तम फोटो हेच असतात. मेट्रोत बाक खिडक्यांना पाठ लावून आडवे असतात. लोक एकमेकांसमोर बसतात, मधे दीड-दोन मीटर जागा आणि तीही बऱ्याचदा मोकळी. तिथे चेहरा थेट समोर येतो. शेअरिंग ऑटोत गुडघ्याला गुडघा लागतो. तिथे मी कॅमेरा काढतच नाही. इतक्या जवळून न विचारता काढलेला फोटो म्हणजे अंगावर जाणं.

उजेडाच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या भुयारी गाड्यांत दिव्यांच्या पिवळ्या-हिरव्या उजेडावर भागवावं लागतं. आपल्या मेट्रोचा पहिला टप्पा, म्हणजे २०१९ साली खापरी ते सीताबर्डी सुरू होऊन डिसेंबर २०२२ मध्ये चारही दिशांना पुरा झालेला मार्ग, पुलावरून किंवा जमिनीवरून जातो. त्यात बोगदा नाही. ऑरेंज लाइन ढोबळमानानं उत्तर-दक्षिण धावते, म्हणून तिच्या खिडक्या पूर्वेला आणि पश्चिमेला तोंड करतात. सकाळी एका बाकावरच्या लोकांच्या थेट चेहऱ्यावर ऊन, समोरच्या बाकावरचे सावलीत, संध्याकाळी उलटं. ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, तिच्या खिडक्या उत्तर-दक्षिण. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दुपार उतरल्यावर तिरपा, मऊ उजेड येतो. मे महिन्यात तो मिळत नाही. मी डिसेंबर-जानेवारीची वाट बघतो ती याच उजेडासाठी.

कॅमेरा डोळ्याला लावून फोकस करत बसायला गाडीत वेळ नसतो. जुनी युक्ती अशी: २८ मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र) एफ ८ इतकं बारीक, फोकस हातानंच दोन मीटरवर लावून ठेवायचा. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मग साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. गाडी हलते, म्हणून शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, आणि उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवायची. दाणे दिसले तरी चालतील, चेहरा हललेला नको. मोबाईलच्या इवल्याशा सेन्सरमुळे हे सगळं आपोआप होतं, म्हणून तर आता प्रत्येकाच्या खिशात असा कॅमेरा आहे. सोपेपणा वाढला तसा प्रश्नही वाढला.

आधीच्यांनी काय केलं

या प्रकाराची सुरुवात सांगताना अमेरिकेच्या वॉकर इव्हान्सचं नाव पहिलं येतं. १९३८ ते १९४१ या काळात त्यानं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्यांचे फोटो काढले. कॅमेरा कोटाच्या आत, लेन्स दोन गुंड्यांच्या फटीतून डोकावणारी, आणि शटरची तार बाहीतून हातापर्यंत आणलेली. कोणालाच कळलं नाही. चोरून काढण्याचं इतकं पुरं उदाहरण दुसरं नसेल. पण मला त्याच्या पुढच्या वागण्याचं जास्त महत्त्व वाटतं. फोटो काढले, आणि ते पुस्तकरूपानं बाहेर आले १९६६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. त्या माणसांच्या खाजगीपणाची काळजी हे या थांबण्यामागचं एक कारण होतं. काढणं आणि दाखवणं यांच्यात त्यानं एका पिढीचं अंतर ठेवलं. आज आपण काटोल नाक्याला फोटो काढतो आणि गाडी झिरो माइलला पोचायच्या आत तो इन्स्टाग्रामवर असतो.

त्याच भुयारी रेल्वेत १९८० साली ब्रूस डेव्हिडसन उतरला, पण रंगीत फिल्म आणि फ्लॅश घेऊन. फ्लॅश उडाल्यावर लपण्याचा प्रश्नच नाही. तो बऱ्याचदा आधी विचारायचा, कधी आधी काढून मग समजावून सांगायचा, आणि आपण कोण आहोत हे दाखवायला आपल्या फोटोंचा एक छोटा अल्बम जवळ बाळगायचा. त्या काळात ती रेल्वे रात्री धोक्याची मानली जाई, तरी लोकांनी त्याला फोटो काढू दिले.

आणि मायकेल वुल्फ. त्यानं टोकियोच्या गर्दीच्या गाड्यांत काचेवर दाबले गेलेले चेहरे फलाटावरून टिपले. २०१० साली त्याचं पुस्तक आलं. घामानं धुरकटलेली काच, मिटलेले डोळे. काही फोटोंत माणसानं हातानं चेहरा झाकायचा प्रयत्न केलेला दिसतो, कारण तेवढंच करणं त्याला शक्य होतं. फोटो म्हणून ते विलक्षण आहेत. पण ते बघताना मला प्रत्येक वेळी गुदमरायला होतं, आणि ते फक्त गर्दीमुळे नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर रघु राय यांचा १९९५ चा मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवरचा फोटो. शटर बराच वेळ उघडं ठेवल्यामुळे धावणारी गर्दी धुक्यासारखी पुसट झाली आहे, आणि वर्तमानपत्र वाचत स्थिर बसलेले मोजके लोक स्पष्ट उमटले आहेत. हजारो प्रवासी आहेत, पण जवळजवळ कोणीच ओळखू येत नाही. मुलांना मी हा फोटो दाखवतो आणि सांगतो, मुंबईच्या प्रवाशांचं सगळं हाल-हवाल यात आलं की नाही? आणि त्यासाठी किती चेहरे लागले?

कायदा

"पब्लिक प्लेसमध्ये सगळं चालतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

सार्वजनिक जागी माणसाचा फोटो काढण्याआधी त्याची परवानगी घेतलीच पाहिजे, असा सरसकट कायदा भारतात नाही. इथपर्यंत ते वाक्य बरोबर आहे. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा असा की खाजगीपणा हा जागेला नाही, माणसाला चिकटलेला असतो. माणूस रस्त्यावर किंवा गाडीत आला म्हणजे खाजगीपणा घरी ठेवून आला असं होत नाही.

मग फौजदारी कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम ७७ हे स्त्रीच्या खाजगी क्षणांचं चोरून निरीक्षण करणं, चित्रण करणं किंवा ते पसरवणं याबद्दल आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा ठरल्यास तीन ते सात. या कलमाच्या स्पष्टीकरणात एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे: स्त्रीनं चित्रण करू दिलं असेल, पण ते इतरांना दाखवायला संमती दिली नसेल, तर पसरवणं हा गुन्हाच. म्हणजे काढणं आणि दाखवणं वेगळं, हे कायद्यानंही लिहून ठेवलं आहे. कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं तिच्या खाजगीपणात घुसण्याबद्दल आहे, आणि कलम ७८ पाठलागाबद्दल. रोज तीच मुलगी, तीच ८.४० ची बस, ती तोंड फिरवते तरी तुमचा कॅमेरा तिच्याकडेच, याला कोणी स्ट्रीट फोटोग्राफी म्हणणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई तर स्त्री-पुरुष असा भेद न करता लागू होतं: कोणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचं संमतीशिवाय चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिन्यावरून, सरकत्या पायऱ्यांवरून खालून वर रोखलेला मोबाईल या कलमात येऊ शकतो.

जागेचाही नियम असतो. स्टेशन, गाडी, डेपो या गोष्टी सगळ्यांच्या वापराच्या असल्या तरी त्या चालवणारी संस्था आपल्या आवारात चित्रीकरणावर बंधन घालू शकते. फलक वाचायचा, सुरक्षारक्षकाला किंवा स्टेशनच्या कार्यालयात विचारायचं. रक्षकानं कॅमेरा आत ठेवायला सांगितला की वाद न घालता ठेवायचा. ट्रायपॉड, लाइट, मॉडेल घेऊन आलात तर आधी लेखी परवानगी घ्या.

राहिली मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचे मालक तुम्ही, आणि प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं तो हक्क टिकतो. म्हणजे फोटो तुमचा. त्यातला चेहरा तुमचा नाही. तो चेहरा बिस्किटाच्या किंवा कोचिंग क्लासच्या जाहिरातीवर छापायचा तर त्या माणसाचं सहीचं संमतीपत्र हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही व्यक्तीनं निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती वगळतो. धंद्यासाठी वापरली की ती सूट उरत नाही.

दाखवण्यातला धोका

२०१५ साली दिल्ली मेट्रोत एका पोलिसाचा तोल जात असल्याचा व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर काढला. दारू पिऊन झिंगलेला पोलीस म्हणून तो देशभर फिरला. त्याला निलंबित केलं गेलं. पुढे कळलं की त्याला आधी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि त्यामुळे त्याचा तोल जात होता. तो कामावर परत घेतला गेला, पण तोपर्यंत लाखो लोकांनी त्याला दारुडा ठरवून झालं होतं. व्हिडिओत खोटं काहीच नव्हतं, खोटी होती ती त्याला चिकटवलेली ओळ. बाकावर मान टाकून झोपलेल्या माणसाचा फोटो मी जेव्हा बघतो तेव्हा मला हे आठवतं. तो रात्रपाळी करून आला असेल, मेडिकल हॉस्पिटलमध्ये कोणाजवळ रात्रभर बसून आला असेल. फोटोला यातलं काही माहीत नसतं.

माझ्या हातूनही चूक झाली आहे. वर्धा रोडवरच्या बसमध्ये मे महिन्यात एक मुलगी बसली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात बांधतात तसा दुपट्टा डोक्यापासून गळ्यापर्यंत, फक्त डोळे उघडे. खिडकीतून येणारं ऊन, दुपट्ट्यावरची फुलं. मला वाटलं, ओळखूच येत नाही, मग काय हरकत आहे? तारीख आणि मार्ग लिहून फोटो टाकला. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. तिच्या सहकाऱ्यांनी तिला पर्सवरून आणि घड्याळावरून ओळखलं होतं. त्या दिवशी तिनं कचेरीत आजारी असल्याचं कळवलं होतं आणि ती दुसरीकडे मुलाखतीला निघाली होती. मी फोटो तत्काळ हटवला, माफी मागितली. तिनं उत्तरात एवढंच लिहिलं, "आता काय उपयोग." मला ते शब्द अजून टोचतात. चेहरा झाकला म्हणजे माणूस झाकला गेला असं मी समजत होतो. फोटोतून माणूस कसा दिसतो एवढंच कळत नाही. तो कुठे होता, केव्हा होता, कोणाबरोबर होता हेही कळतं, आणि बऱ्याचदा लपवायचं असतं ते हेच.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या. कॅमेरा लपवत नाही, गळ्यात उघडा असतो. कोणी बघितलं की मी नजर चुकवत नाही, मान हलवतो, जमलं तर हसतो. समोरच्यानं भुवई जरी उंचावली तरी कॅमेरा खाली. महिलांच्या राखीव सीटकडे रोखत नाही. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. रडणारा, आजारी, झिंगलेला माणूस असेल तर काढतच नाही. आणि काढलेला कोणताही चेहरा निदान सहा महिने बाहेर टाकत नाही, टाकला तर तारीख आणि मार्ग लिहीत नाही. यातून फोटो कमी झाले. काचेतली प्रतिबिंबं, सायकल घेऊन मेट्रोत चढणारा पोरगा पाठमोरा, तिकिटाचे पैसे मोजणारी बोटं, असे फोटो मात्र वाढले, आणि त्यातले काही मला माझ्या जुन्या चेहऱ्यांच्या फोटोंपेक्षा उजवे वाटतात.

तुमचाच फोटो कोणी काढताना दिसलं तर? आधी सरळ विचारा, दाखवायला सांगा, नको असेल तर पुसायला सांगा. भला माणूस असेल तर लगेच पुसेल, आणि मोबाईलच्या 'नुकतेच पुसलेले' या कप्प्यातूनही काढेल. मोबाईल हिसकावू नका, त्यानं तुमचीच बाजू लंगडी पडते. तो ऐकत नसेल तर कंडक्टरला, मेट्रोत सुरक्षारक्षकाला सांगा, आणि फोटो अश्लील हेतूनं काढला आहे असं वाटलं तर थेट ११२ लावा.

गेल्या डिसेंबरात ॲक्वा लाइनला दुपारी चारच्या सुमारास काटोलकडचे एक आजोबा समोरच्या बाकावर बसले होते. पायाशी संत्र्यांची थैली, तिच्यावर एक हात, आणि डोळा लागलेला. दक्षिणेचा उजेड बरोबर कपाळावर. मी एकच फोटो काढला. अग्रसेन चौकाच्या आसपास ते जागे झाले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माहा फोटो काढला का भाऊ?"

मी शेजारी जाऊन बसलो, दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला.

"यात तं डोये मिटले हायेत. आता उघडे डोये करून काढा. लेकीले पाठवतो."

ते ताठ बसले, थैली मांडीवर घेतली, टोपी सारखी केली. मी दुसरा फोटो काढला आणि त्यांनी सांगितलेल्या नंबरवर तिथल्या तिथे पाठवला. मग पहिला फोटो पुन्हा समोर धरून विचारलं, हा पुसू का?

त्यांनी थोडा विचार केला. "राहू द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले, "पण कोनाले दाखवू नका."

प्रजापती नगरला उतरताना त्यांनी मला दोन संत्री दिली. फोटो माझ्याजवळ आहे. मी तो कोणाला दाखवलेला नाही.